खालचा ठिपका

२७ एप्रिल

प्रिय वन्सं,

संपली एकदाची परीक्षा. काल पेपर देऊन घरी आले आणि चपला न काढताच आडवी झाले, ती संध्याकाळी तुझ्या दादांनी भांडी आपटली तेव्हा उठले. ते आपटत नव्हते, घासत होते. दोन्हीतला फरक त्यांना अजून कळलेला नाही.

फोन करणार होते, पण फोन केला की हे स्पीकर लावून शेजारी बसतात आणि मधेमधे ‘तिला विचार, तिला विचार’ करत राहतात. म्हणून आपलं पत्रच बरं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. बाहेर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट उतरवताहेत, टेबल थरथरतंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

पदवीचा एवढा एकच विषय राहिला होता, कंपनी अकाउंट्स. तू कॉलेजात नेमका तोच शिकवतेस आणि तुझी वहिनी त्यातच दोनदा आपटली आहे, हे तुझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पेपर कसा गेला ते विचारायचं नाही. कोणता प्रश्न घेतला, काय मांडलं, मी अक्षरही सांगणार नाही. तू पहिल्याच ओळीत चूक काढशील आणि निकालापर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. प्रश्नपत्रिका परीक्षा केंद्रावरच काढून घेतली, ते एक बरं झालं.

एवढं मात्र सांगते, ताळेबंद जुळला. जुळला तेव्हा अप्पा आठवले. आपल्या दोघींना शेजारी बसवून वखारीच्या लाकडाचे हिशेब करायला लावायचे, आठवतं ना? वरून खाली बेरीज केली की आकड्याच्या डोक्यावर एक ठिपका, मग खालून वर केली की पायाशी दुसरा. खालचा ठिपका दिसला नाही की म्हणायचे, ‘सूनबाई, ही बेरीज अजून कच्ची आहे.’ तुझी ती सवय कॉलेजातल्या बाईंनी मोडली. माझी मोडायला कोणी नव्हतं, माझं कॉलेज त्याआधीच सुटलं होतं.

थकले गं. वर्षभर रविवारचे तास. लहान मुलांची बाकं, त्यात गुडघे मावत नाहीत आणि शिकवणारा आपल्याहून लहान. आता निकालापर्यंत आकडा म्हणून बघायचा नाही, असं ठरवलंय. मग आठवतं की पगार त्याचाच मिळतो.

तुझी परीक्षार्थी वहिनी

६ मे

प्रिय वहिनी,

पेपरबद्दल काही सांगितलं नाहीस ते उत्तम केलंस, कारण पुढच्या आठवड्यापासून मीही पेपर तपासायला बसणार आहे. कुठल्या केंद्राचा गठ्ठा कोणाकडे जातो हे कोणालाच कळत नाही. तेव्हा दादाने आशा लावून बसू नये.

एक गंमत सांगते. तपासनिसांकडून अर्ज भरून घेतात: नवरा, मुलं, भावंडं यांपैकी कोणी या परीक्षेला बसलं आहे का? मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. नियमांच्या लेखी भावजय ही नातेवाईकच नाही. म्हणजे इतकी वर्षं तू आमच्या घरात नुसतीच वावरते आहेस.

रोज थोडी झोप काढ. डोळ्यांखाली काळं घेऊन फिरलीस तर निकाल काही लवकर लागणार नाही.

तुझी नणंद (कागदोपत्री नसलेली)

३० मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि तेव्हापासून मला ‘अहो पाहुण्या’ म्हणून हाक मारताहेत. तूच निस्तर.

आता जरा गंभीर. परवा आमच्या मोठ्या साहेबांनी नोटीस लावली. जानेवारीपासून हिशेब विभागात फक्त पदवीधर. बाकीच्यांनी पॅकिंग शेडच्या दारावर बसायचं आणि बाहेर जाणाऱ्या मालाच्या पावत्यांवर शिक्के मारायचे. विभागात पदवी नसलेली मी एकटीच, तेव्हा नोटीस कोणासाठी आहे ते सगळ्यांना समजलं. माझ्या समोरचा कारकून उगाचच मला चहा घेऊन आला.

इतकी वर्षं त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसते आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी मीच घातलेली आहे. मला ते टेबल हवं आहे. इतकं उघड काही मागितल्याचं मला आठवत नाही. दारावर बसून शिक्के मारण्यात वाईट काही नाही, पण मला हिशेब येतो आणि मला हिशेबच करायचा आहे.

म्हणून एकच विचारते. शेवटचा आकडा चुकला, पण रीत बरोबर असली, तर मार्क देतात का? एवढं सांग, बाकी काही नको.

तुझी वहिनी

२४ जून

वन्सं,

उत्तर नाही. पहिल्यांदा वाटलं पोस्टाचा घोळ असेल. मग ह्यांनी फोन लावला तर तू ‘सगळं ठीक आहे, नंतर बोलते’ म्हणालीस आणि ते ‘नंतर’ काही उगवलं नाही. हे म्हणतात, कामात असेल. काम मलाही आहे.

मला काय वाटतं ते लिहूनच टाकते, मनात ठेवून मला झेपणार नाही. तुला माझी लाज वाटायला लागली आहे. तू प्राध्यापिका, आणि ही बया चाळिशी उलटल्यावर पदवीच्या परीक्षेला बसते, नापास होते आणि वर मार्क कसे देतात ते विचारते. तसं असेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण निदान पोस्टमनची वाट बघणं थांबेल.

वहिनी

२ जुलै

प्रिय वहिनी,

लाज वाटते असं पुन्हा कधी लिहू नकोस.

डोळ्यांना त्रास होत होता, पेपर तपासायचं काम अर्ध्यावर सोडून द्यावं लागलं. त्याच धावपळीत पत्र राहिलं. रीत बरोबर असेल तर मार्क देतात, पण किती द्यायचे ते ज्याच्या त्याच्या हातात असतं. निकाल लागला की लगेच कळव.

तुझी नणंद

१९ जुलै

प्रिय वन्सं,

सदतीस. चाळीस लागतात.

रडू आलं नाही. कांदा चिरत होते, आलं असतं तर त्याच्या नावावर खपलं असतं, पण नाहीच आलं. नुसतं बसावंसं वाटलं. ह्यांनी माझी सगळी पुस्तकं उचलून कपाटाच्या वर टाकली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आले तर तीच पुस्तकं खाली, ओल्या फडक्याने पुसून टेबलावर लावलेली. एका पुस्तकाची पानं फुगली आहेत.

नोव्हेंबरात आणखी एकदा बसता येतं. ती शेवटची संधी, त्यानंतर माझ्या नोंदणीची मुदत संपते आणि पदवीला पहिल्यापासून सुरुवात करायची. ती मी करणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मोठे साहेब जानेवारीअखेरच्या निकालापर्यंत थांबायला कबूल झाले आहेत. तोंड मात्र असं केलं की ते स्वतःच नापास झालेत.

बसू की नको, कळत नाही. तीन मार्कांसाठी परत पहाटेचा गजर, परत त्या बाकात गुडघे. अंगातली उमेद संपली आहे, खरंच.

तुझी वहिनी

२५ जुलै

प्रिय वहिनी,

बसायचं. यात विचारण्यासारखं काही नाही. सदतीस म्हणजे विषय येत नाही असं नव्हे, काठावर पाय घसरला एवढंच.

तुझं मांडणं स्वच्छ आहे, त्याची काळजी करू नकोस. फक्त एक ध्यानात ठेव. यंत्र वर्षाच्या मध्यावर घेतलेलं असेल तर त्याची झीज सहाच महिन्यांची धरायची. तुमच्या कारखान्यात सरसकट वर्षाची धरतात, तसाच हात पेपरातही वळतो. त्या एका आकड्याने नफा बदलतो, पुढचं सगळं बदलतं, आणि ताळेबंद जुळत असल्यामुळे चूक झाल्याचा संशयही येत नाही. एवढं सुधारलंस की पार होशील.

रोज थोडं कर. थकलीस तर थांब, पण सोडू नकोस.

तुझी नणंद

४ ऑगस्ट

वन्सं,

तुझं पत्र सकाळी वाचलं, कारखान्यात वाचलं आणि घरी येऊन परत वाचलं.

यंत्राचं तुला कोणी सांगितलं?

पेपरात शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एक घ्यायचा होता. एकात कंपनी गुंडाळायची होती, दुसऱ्यात यंत्र होतं. मी कोणता घेतला हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, कारण ह्यांना सांगून काय उपयोग. झीज वर्षाची धरली हे तर मलाही तुझं पत्र वाचल्यावर कळलं. ‘मांडणं स्वच्छ आहे’ म्हणतेस. माझं मांडणं तू कुठे पाहिलंस?

तुझ्या डोळ्यांना नक्की काय झालं होतं?

वहिनी

११ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

डोळ्यांना काहीही झालं नव्हतं.

मेच्या शेवटी माझ्याकडे एक गठ्ठा आला. त्यातला एक पेपर मी नेहमीसारखा तपासत होते. तुझं पत्रातलं अक्षर मी कुठेही ओळखीन, पण तुझं इंग्रजी अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिले तीन थिअरीचे प्रश्न तपासून झाले. चौथ्यात यंत्र आलं, झीज पूर्ण वर्षाची धरलेली होती, मी लाल पेनाने गोल केला आणि खाली बेरजेकडे आले. आकड्याच्या डोक्यावर एक ठिपका होता, पायाशी एक. पान उलटलं. तिथेही तेच.

अप्पा गेल्यावर हे करणारं जगात एकच माणूस उरलं आहे.

मी पेन खाली ठेवलं. चहा घेऊन आले, परत बसले. नियमाप्रमाणे मला थांबायचं काही कारण नव्हतं, भावजय त्यांच्या यादीत नाही. तो विनोद मीच तुला लिहून पाठवला होता. पण मी तो पेपर तपासला असता तर तुला पास केलं असतं, वहिनी. त्यात मला जराही शंका नव्हती. दोन-चार मार्क कुठेही सापडतात, रीतीचा एक, मांडणीचे दोन. किंवा ते देऊ नयेत म्हणून इतकी कडक झाले असते की तुझे हक्काचेही कापले असते. सरळ तपासणं माझ्या हातून होणारच नव्हतं. म्हणून गठ्ठा परत केला.

कारण खरं सांगता आलं नाही. उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं, ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये. तू ती सूचना वाचली असशील, आणि ठिपके ही खूण आहे हे तुझ्या मनातही आलं नसेल, कारण तुझ्यासाठी ती बेरीजच आहे. मी ‘ओळखीचा पेपर आहे’ म्हटलं असतं तर कशावरून ओळखला ते सांगावं लागलं असतं, आणि मग सदतीसही मिळाले नसते, पेपरच रद्द झाला असता. म्हणून डोळे दुखतात असं लिहून दिलं. आयुष्यात कागदावर सही करून खोटं बोलण्याची ती पहिलीच वेळ. अर्धवट काम टाकल्याबद्दल त्यांनी मला तपासनिसांच्या यादीतून काढलं आहे. त्याचं मला फारसं वाटत नाही.

निकालाआधी तुला काही सांगता येत नव्हतं. आणि तुझं ‘मला ते टेबल हवं आहे’ हे पत्र आलं ते गठ्ठा परत करून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यानंतर काय लिहावं ते मला सुचलं नाही. खूपदा लिहायला बसले.

एकूण किती होत होते ते विचारू नकोस. मी बेरीज केली नाही.

तुझी नणंद

२० सप्टेंबर

प्रिय वन्सं,

इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही. मूग गिळून बसणं कसं वाटतं ते तुलाही कळू दे म्हटलं.

‘तू मार्क दिले नाहीस याचा राग नाही’ असं लिहायचं ठरवून बसले होते. पण ते खोटं आहे. राग आहे. अप्पा आजारी पडले, घरात कोणीतरी थांबायला हवं होतं आणि आपल्या दोघींपैकी एकीलाच कॉलेजात जाता येणार होतं, तेव्हा मी मागे सरले. मला कोणी ढकललं नाही. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून तुला चहा करून द्यायचे आणि तू मोठ्याने घोकायचीस ते ओट्याजवळ उभी राहून ऐकायचे. माझी पदवी मी तशी निम्मी ऐकूनच केली आहे. आणि माझी वेळ आली तेव्हा तुझ्या हातून तीन मार्क सुटले नाहीत. दोन आठवडे मी हेच उगाळत होते. हे ‘काय झालं’ विचारायचे आणि मी त्यांच्यावरच खेकसायचे.

मग एक दिवस नुसता विचार करून पाहिला, की तू दिले असतेस तर. मी त्या टेबलावर खुशाल बसले असते. मला कळलंच नसतं, छान झोप लागली असती. पण तुला कळलं असतं. तू इथे आली असतीस, माझ्या हातचं जेवली असतीस आणि माझ्याकडे सोडून भिंतीकडे बघितलं असतंस. तुला काही लपवता येत नाही. एक यंत्र लपवता आलं नाही तुला, म्हणे सांत्वन करते.

तेव्हा टेबल राहू दे बाजूला, तू मला हवी आहेस. राग जाईल हळूहळू. त्याची झीज सहा महिन्यांची धर.

नोव्हेंबरला बसते आहे. यंत्रांची गणितं पाठव, चांगली खडूस बघून.

तुझी वहिनी

१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सोबत गणितं. खडूस आहेत. उत्तरं पाठवलेली नाहीत, तुझ्या वह्या पोस्टाने इकडे येऊ देत. आता मला तपासायला कोणाची हरकत नाही.

वहीत ठिपके दे हवे तेवढे. पेपरात एकही नको. शपथ आहे.

तुझी नणंद

२९ जानेवारी

प्रिय वन्सं,

काल निकाल लागला. फोनवर ह्यांनीच ओरडून सांगितलं तुला, मला बोलूच दिलं नाही, म्हणून हे पत्र.

मोठ्या साहेबांना गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून बघितली, खाली करून बघितली आणि म्हणाले, ‘बरं मग, मार्चअखेरच्या कामाला लागा.’ एवढंच. इतक्या वर्षांच्या रविवारांचं एवढंच झालं. मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. समोरच्या कारकुनाने परत चहा आणला. या वेळी मी तो प्यायले आणि मग जरा बाहेर जाऊन रडून आले. आनंद वगैरे असेल, पण मला तरी नुसतं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पाठ अजून दुखते आहे.

आता पेपरातलं सांगते, कारण या वेळी तो तुझ्याकडे आलेला असूच शकत नाही. यंत्र होतंच. ऑक्टोबरच्या एक तारखेला घेतलेलं, वर्ष मार्चअखेर. झीज सहा महिन्यांची धरली आणि तुझ्या नावाने हसले, तर पर्यवेक्षक बाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

ठिपक्यांचं घोकून गेले होते. प्रत्येक बेरजेला हात आवरला. पण शेवटचा ताळेबंद वरून खाली केला, खालून वर केला, जुळला, आणि पेन उचलवेना. असंच सोडून कसं द्यायचं? बेरीज कच्ची राहिल्यासारखी वाटत होती. मग नखाने दिले. डोक्यावर एक, पायाशी एक. शाई नाही, काही नाही, कागद जरासा दबला. तपासणाऱ्याला दिसलेही नसतील. तुझी शपथ मोडली की नाही ते तूच ठरव.

खाली माझे मार्क लिहिते आहे, सगळ्या विषयांचे, तिन्ही वर्षांचे. एकाखाली एक लिहिलेले मीही आजच पहिल्यांदा बघते आहे. एकूण बेरीजही मांडली आहे. त्याखाली जागा उरली तर उरू दे, आता लिहवत नाही. पुढचा रविवार मी झोपणार आहे. तू आलीस तर स्वयंपाक तुझ्याकडे आणि भांडी ह्यांच्याकडे.

तुझी वहिनी

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा स्टाफरूममध्ये होते. मार्कांची यादी शेवटपर्यंत वाचली. एकूण आकड्यापाशी काही दिसलं नाही, म्हणून त्यावरून बोट फिरवलं. डोक्यावर एक लागला, पायाशी एक.

मग पेन्सिल घेऊन मीही बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. शेजारच्या सरांनी विचारलं, कोणाचे मार्क? माझ्या वहिनीचे, म्हटलं.

बेरीज पक्की आहे. शनिवारी येते.

तुझी नणंद